दिनशॉ शेटची दोन सीटची गाडी

नाशिकरोड, ता. ४ ऑक्टोबर १९८३

श्री. सहादू गांगुर्डे यांस, जयभीम.

पत्र बघून घाबरू नका, घरात सगळे जिवंत आहेत. तुमच्या सासूबाईंचे गुडघे तेवढे कुरकुरतात. आणि नऊ वर्षांनी सासऱ्याचं पत्र आलं म्हणून लगेच पेढे वाटायचीही गरज नाही. कामापुरतं लिहितोय. काम झालं की तुम्ही कळवणला, मी नाशिकरोडला, आहे ते बरं आहे.

दिनशॉ शेटची लाल एमजी परत माझ्या गॅरेजात आली आहे. हो, तीच. शेट मागच्या थंडीत वारले. त्यांच्या भाचीने देवळाली कॅम्पातल्या बंगल्याचं कुलूप काढलं, तर मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ही उभी. टायर मातीत रुतलेले, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला, इंजिनाच्या कुशीला तुम्ही पाडलेलं भोक तसंच. शेटने त्या दिवसानंतर तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. "इसने बच्चा खाया, पुंजाराम," एवढंच म्हणायचे. भाचीला यातलं काही माहीत नाही. ती म्हणाली, "मिस्त्री, मला मामाची गाडी रस्त्यावर पाहिजे." मी आधी साफ नाही म्हणालो. मग कळलं की मुंबईच्या दोन मिस्त्र्यांनी तिला सांगितलंय, हिचं इंजिन आता विलायतेहून येत नाही, भंगारात घाला. भंगार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. म्हणालो, बाई, आणा इकडे.

मी तिच्यात अँबॅसेडरचं इंजिन बसवतोय. हसायचं असेल तर हसून घ्या. पण तुम्हाला जर थोडंफार आठवत असेल तर कळेल की दोन्ही इंजिनं एकाच विलायती घराण्यातली आहेत. एकलहऱ्याच्या वीजघरातल्या एका साहेबाची अँबॅसेडर मागून ट्रकने चेपली, तिचं इंजिन मला मिळालंय. आता अडतंय ते फाउंडेशनपाशी, म्हणजे इंजिन ज्या पायांवर गाडीत बसतं तिथे. चौऱ्याहत्तर साली आपण शेटचं इंजिन उतरवलं तेव्हा पुढच्या पायांची मापं तुम्ही तुमच्या वहीत उतरवली होती. ती मापं पोस्टकार्डावर टाका. बाकी खुशाली लिहिली नाही तरी चालेल.

आणि उगाच गैरसमज नको म्हणून लिहितो. मी काही विसरलेलो नाही. इंजिनातल्या रॉडचा, बिग-एंडचा नट ढिला ठेवणाऱ्या माणसाला मी मिस्त्री म्हणत नाही. पाच महिन्यांच्या पोटुशी बायकोला ट्रायलच्या गाडीत बसवून नेणाऱ्याला काय म्हणतात, ते तुम्हीच ठरवा. बेळगाव ढगा गावाच्या पुढच्या उतारावर इंजिन जाम होऊन गाडी मैलाच्या दगडाला धडकली, तुमच्या कपाळावर चार टाके पडले आणि माझ्या पोरीचं पोट रिकामं झालं. ते परत कधी भरलं नाही. मी तुम्हाला सगळ्या गॅरेजसमोर एक कानाखाली वाजवली, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

चांगुणाला पत्र दाखवलंत तरी हरकत नाही. मी तिला येऊ नको असं कधी म्हटलं नव्हतं. तुम्हाला दारात उभं करणार नाही एवढंच म्हटलं होतं. तुमच्याशिवाय येणार नाही हे तिचं तिने ठरवलं. हट्टी आहे, माझ्यावर गेली.

पुंजाराम दोंदे

ता. १५ ऑक्टोबर १९८३

श्री. सहादू यांस, जयभीम.

पोस्टकार्ड मिळालं. तीन ओळी आणि एक चित्र. मापं सुताइतकीही चुकलेली नाहीत. चित्र चांगलं काढता हे मी पूर्वीही म्हणायचो, आत्ताही म्हणतो, त्यात माझं काही जात नाही. खाली "उस्ताद, पाठ सांभाळून इंजिन उचला" असं लिहिलंय, त्याची काही गरज नव्हती. माझ्याकडे चेन-कप्पी आहे आणि बुधा आहे. बुधा तुम्हाला आठवत असेल, वेल्डिंगवाला, तो अजून इथेच आहे आणि अजून तेवढंच बोलतो. इंजिन गाडीवर टांगलेलं बघून म्हणाला, "उस्ताद, नवरदेवाच्या घोड्यावर टॅक्सीवाला बसवताय तुम्ही!" मी म्हटलं, टॅक्सीवाला निदान वरातीत पोचवेल तरी.

खरं सांगू? लय मजा येतेय. दुपारी एकलहऱ्याची पाळी सुटली की कामगार सायकली लावून बघायला उभे राहतात. ही एवढीशी गाडी, दरवाजावरून पाय टाकून आत बसायचं, आणि तिच्या पोटात रोज स्टँडवर दिसणारं अँबॅसेडरचं इंजिन! त्यांना खरंच वाटत नाही. ब्लॉक जवळजवळ आपसूक बसला. मागची प्लेट मी शेटच्या इंजिनाची काढून लावली. शेटच्या गाडीला कारबोरेटर दोन, अँबॅसेडरला एक, तर दोन्हीच चढवणार आहे. गियरबॉक्सचा दांडा इंजिनात गेला तेव्हा असा गुळगुळीत गेला की मी पान्यासकट खालीच बसलो. बासष्ट वर्षांच्या माणसाने टाळ्या वाजवायच्या नसतात, पण वाजवल्या. बुधाने पण वाजवल्या.

एकच गोष्ट नडतेय. अँबॅसेडरचं तेलाचं चेंबर खोल आहे, खाली लागतं. शेटच्या इंजिनाचं चेंबर उथळ आहे, ते काढून ह्याला बसवायचं. म्हणजे ते फुटकं इंजिन उलटं करून खालून खोलावं लागणार. नऊ वर्षांत ते कुणी खोललेलं नाही. शेटने खोलू दिलं नव्हतं, आणि मला गरज नव्हती. भोकातून तुटलेला रॉड दिसत होता, नट ढिला असल्याशिवाय रॉड असा बाहेर येत नाही हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. उद्या रविवार, परवा खोलतो. तुमचा तो नट निघाला की पाकिटात घालून पाठवतो. घरात ठेवा.

तुमच्या सासूबाईंचा, विमलचा, तुम्हा दोघांना जयभीम. ती मागच्या महिन्यात तुमच्याकडून आल्यापासून तुमच्या कांद्याचं कौतुक करतेय. मी ऐकून घेतो.

पुंजाराम

ता. १७ ऑक्टोबर १९८३

सहादू,

चेंबर खोललं.

नट ढिला नव्हता. चार रॉडचे आठ नट, मी एकेक पाना लावून बघितला. आठही घट्ट. जो रॉड तुटला तो मधून तुटलाय, त्याचा खालचा तुकडा क्रँकला चिकटून निळा पडलाय. त्याचेही दोन्ही नट जागेवर आणि लॉक-वॉशरचे कान दुमडलेले, जसे मी शिकवायचो तसे, बरोबर नटाच्या सपाट बाजूवर. तू केलेलं काम आहे ते. माझ्याच्याने इतकं साफ झालं नसतं.

मग रॉड का गेला ते कळत नाही. तेल पोचलं नाही एवढं दिसतंय. पंप जुना होता, तो गेला असेल.

नट ढिला नव्हता एवढं तुला कळवायचं होतं. मला जरा बरं वाटत नाहीये, म्हणून अक्षर असं आलंय. चांगुणाला हे पत्र आत्ताच दाखवू नको.

पुंजाराम

ता. १९ ऑक्टोबर १९८३

सहादू बाळा,

पंप गेला असेल असं मी लिहिलं ते खोटं आहे. पंप ठणठणीत आहे. मी हातावर तेल घेऊन फिरवून बघितला. आज लिहितो, सगळं लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

चेंबर खाली आलं तेव्हा तळाशी काळं डांबरासारखं तेल होतं. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यावर काहीतरी गच्च बसलेलं होतं. मला वाटलं गाळ आहे. बुधाने चिमट्याने ओढलं तर ते कापड निघालं. जाळीने आत ओढून ओढून त्याचा बोळा केला होता. मी ते रॉकेलच्या डब्यात टाकलं आणि धुतलं. धुता धुता खाकी रंग वर आला. मग शिवण आली. मग लाल दोरा आला.

तुला माहीत आहे माझ्या गॅरेजात फडकी कशी होती. सात खिळे, सात फडकी, सगळी पांढऱ्या होजिअरीची. इंजिन उघडं असताना भोकात फडकं कोंबायचं, म्हणजे वॉशर-बिशर आत पडत नाही. आणि इंजिन बंद करायच्या आधी खिळ्यांवर सात फडकी मोजायची. मोजल्याशिवाय झाकण लावलं तर मी शिव्या घालायचो. लढाईच्या वेळी देवळालीच्या मिलिटरी वर्कशॉपात एका गोऱ्या सार्जंटने मला हे शिकवलं आणि मी तुम्हा सगळ्यांच्या डोक्यात हातोडीने ठोकलं. पण माझं स्वतःचं फडकं खिळ्यावर नसायचं. माझ्या जुन्या मिलिटरी शर्टाचं खाकी फडकं मी खिशात ठेवायचो. कुणाला हात लावू द्यायचो नाही. त्या शर्टाचा खिसा उसवला होता तो विमलने लाल दोऱ्याने शिवला होता, घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून. तुम्ही सगळे हसायचात त्या दोऱ्याला.

सहादू, ते माझं फडकं आहे. मोजणीत नसलेलं. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही.

आता मला तो दिवस सगळा आठवतोय आणि मला कळत नाही इतकी वर्षं तो कुठे होता. तू इंजिन बंद करून सात फडकी मोजून दाखवलीस. मग पेट्रोल आणायला गेलास. मी चालू इंजिनाला कान लावून ऐकत होतो, तर त्याच्या कुशीच्या झाकणापाशी, साइड कव्हरपाशी, तेलाचा थेंब दिसला. बूच-पॅकिंग नीट बसलं नव्हतं. मी इंजिन थांबवून कव्हर खोललं, वॉशर हातातून निसटला, तो आत जाऊ नये म्हणून खिशातलं फडकं काढून आत दाबलं. तेवढ्यात शेट आले. गळ्यात कॅमेरा, हातात मावा केकचा डबा. "पुंजाराम, बंद कर, बंद कर, फोटो काढायचाय!" मी हसत हसत नवं पॅकिंग लावलं, कव्हर लावलं आणि नट आवळले. खिळ्यांवर बघितलं, सात होती. मी मोजली पण, शप्पथ!

दुसऱ्या दिवशी गॅरेजात तू एवढंच म्हणालास, "उस्ताद, माझ्यानंतर साइड कव्हर कुणीतरी खोललं होतं." मी तुला पुढे बोलू दिलं नाही. कानाखाली मारली. तुझ्या कपाळाला पट्टी होती आणि मी मारली.

अजून एक आहे. चांगुणाला गाडीत तू बसवलं असं मी साऱ्या नात्यात सांगितलं, तुला पत्रातही तेच लिहिलं. तू नको म्हणत होतास. ट्रायलला बाजूच्या सीटवर वजन पाहिजे म्हणून आपण रेतीचं पोतं ठेवतो, तू ते पोतं उचलून आणलं होतंस. मीच म्हटलं, पोतं कशाला? बस गं पोरी, राणीसारखी बस. शेटने तुम्हा दोघांचा फोटो काढला. तो फोटो मी कधी बघितला नाही.

म्हणजे फडकं माझं आणि बसवलं पण मीच. माझ्या नातवंडाला मी मारलं. हे वाक्य मी चार कागदांवर लिहून फाडलं. आता फाडत नाही.

तुझी माफी मागायला तोंड नाही. तू सांगशील ते करीन. चांगुणाला मी स्वतः सांगणार आहे. कसं ते सांग.

पुंजाराम

कळवण, ता. २५ ऑक्टोबर १९८३

ती. उस्तादांस, सहादूचा जयभीम.

दोन्ही पत्रं मिळाली. माझ्या मिस्त्रीकामाच्या दुकानाच्या पत्त्यावर आली ते बरं झालं, चांगुणाच्या हाती लागली नाहीत. मी ती तेलाच्या डब्यामागे ठेवली आहेत.

उस्ताद, मला माहीत होतं.

तुम्ही मारलंत त्या दिवशी संध्याकाळी मी परत गॅरेजात गेलो. गाडी तिथेच ओढून आणलेली होती. मी ब्लॉकच्या भोकातून बोट घातलं. काहीतरी हाताला लागलं, ओढलं तर धागा आला. खाकी. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो. मग परत आत ढकलला. दुसऱ्या दिवशी शेटची माणसं गाडी घेऊन गेली आणि शेड बंद झाली.

का ढकललं ते विचारू नका असं म्हणणार होतो, पण तुम्ही एवढं लिहिलंत तर मी पण लिहितो. चांगुणा तेव्हा दवाखान्यात होती. तिला ताप होता आणि ती सारखी बाबा, बाबा करत होती. माझं नाव घेत नव्हती. मी तिच्या उशाशी बसलेलो होतो. मला वाटलं, नवऱ्याने चूक केली तर बाई चिडेल, रडेल आणि एक दिवस विसरेल. बापाने केली हे कळलं तर तिचं माहेर कायमचं तुटेल. मला आई नाही, बाप नाही, मामाने वाढवलं. माहेर नसलेलं माणूस कसं असतं ते मला माहीत आहे. म्हणून मी म्हटलं, राहू दे माझ्यावर.

काटा पडलेला मी बघितला होता. तेलाचा काटा असा एकदम शून्यावर आला. किल्ली बंद करायला हात नेला तोवर मागची चाकं जाम झाली. तेवढं मला रोज दिसतं. बाकी मी सवय करून घेतली. इथे काम चांगलं आहे. शेतकरी लोक पंपाची इंजिनं घेऊन सटाण्याहून येतात. कुणी मला मागचं विचारत नाही.

तुम्ही चांगुणाला सांगू नका. तिने मला माफ केलंय. नऊ वर्षांत बसवलेली घडी आहे, ती मोडून कुणाचं भलं होणार आहे? ते मूल तर येणार नाही. तुम्हाला झोप लागत नसेल तर मला लिहा, मी वाचेन. पण तिला नको. हात जोडतो.

अँबॅसेडरच्या इंजिनाला शेटचं चेंबर लावताना पुढचं कॉर्क नवीन टाका, जुनं बसत नाही.

तुमचा,
सहादू

नाशिकरोड, ता. ३१ ऑक्टोबर १९८३

चि. चांगुणास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला एकटीला आहे. सहादूला दुकानात जाऊ दे, मग वाच. त्याने मला हे लिहू नका म्हणून हात जोडलेत. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकायला पाहिजे होतं, पण ऐकत नाही.

तुझ्या आईला मी परवा सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला, चूल विझवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. अजून माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, तांब्या ठेवते, बोलत नाही. बुधाला सांगितलं, गॅरेजात होते त्या सगळ्यांसमोर सांगितलं. बुधाने वेल्डिंग बंद केलं. मग म्हणाला, "आणि सहादूला त्या दिवशी आमच्यासमोर मारलंत उस्ताद." मी हो म्हटलं.

आता तुला सांगतो. शेटच्या गाडीचं इंजिन सहादूच्या हाताने गेलं नाही. त्याचा एकही नट ढिला नव्हता. इंजिनात माझं खाकी फडकं राहिलं होतं. सहादू पेट्रोलला गेला असताना मी साइड कव्हर खोललं आणि फडकं आत विसरलो. ते तेलाच्या जाळीवर बसलं, म्हणून तेल बंद झालं, म्हणून इंजिन जाम झालं. आणि तुला गाडीत बस म्हणणाराही मीच, सहादू नको म्हणत होता. सहादूला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्याने तुला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही, नऊ वर्षं कुणालाच सांगितलं नाही. तुझा बाप तुझ्यापासून तुटू नये म्हणून. हे त्याने मला लिहिलंय. पत्र पाहिजे असेल तर पाठवतो.

मी काही मागत नाही. शिव्या दे, पत्र जाळ. मी कळवणला यावं असं वाटत असेल तर येतो. सहादूच्या दुकानासमोर बाजाराच्या दिवशी उभा राहून सगळ्यांना सांगायला तयार आहे. नको वाटत असेल तर येत नाही.

गाडी काल चालू झाली. बुधाने किल्ली फिरवली, मी बाहेर रस्त्यावर उभा होतो. आवाज चांगला आहे असं सगळे म्हणाले. मला ऐकवला नाही. इंजिनाचं झाकण बसवायच्या आधी मी सगळ्यांचे खिसे उलटे करून बघितले. माझा पहिला.

तुझा,
बाबा

कळवण, ता. ९ नोव्हेंबर १९८३

ती. बाबांस, चांगुणाचा जयभीम.

पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं आणि मला काही कळलंच नाही. मग मी भांडी घासली. मग परत वाचलं तेव्हा कळलं. मी ओरडले तर शेजारच्या भागुबाई धावत आल्या. त्यांना वाटलं तुम्हीच गेलात. मी म्हटलं नाही, जिवंत आहेत.

गाडीत बसायला तुम्ही सांगितलंत, ते मला माहीतच आहे. मलाही बसायचंच होतं. मी तुमच्या गळ्यात पडून बसते म्हणाले होते, तेवढं तुम्ही लिहिलं नाहीत. फडक्याचं मात्र मला माहीत नव्हतं. ते वाचून तुमचा राग यायला पाहिजे. येतोय पण. पण त्याच्याआधी दुसरंच काही येतंय आणि ते मला सहन होत नाही.

बाबा, तुम्हाला माहीत नाही मी ह्यांच्याशी कशी वागले. सगळे म्हणायचे, चांगुणाचं मन मोठं, एवढं होऊनही नवऱ्याला सोडलं नाही. मलाही तसंच वाटायचं. मी माहेर सोडलं पण ह्यांना सोडलं नाही, याचा मला अभिमान होता. पण घरात भांडण झालं, साध्या गोष्टीवरून, मीठ जास्त पडलं, कंदिलाची काच फुटली, की मी शेवटी एकच म्हणायचे. "तुमच्या हाताने गेलं." एवढं म्हटलं की ते उठून दुकानात जायचे. प्रत्येक भांडण मी जिंकले, बाबा. नऊ वर्षं मी जिंकतच होते. दर वर्षी तो अपघाताचा मार्च महिना आला की मी दोन-तीन दिवस त्यांना जेवायला वाढायची पण नाही. ते आपलं आपण घेऊन खायचे आणि माझं ताट झाकून ठेवायचे. एवढं सगळं खिशात सत्य ठेवून!

त्या दिवशी ते घरी आले तर मी पत्र त्यांच्या पुढ्यात टाकलं. त्यांनी वाचलं आणि पहिलं तुम्हालाच रागावले. उस्तादांना सांगितलं होतं लिहू नका म्हणून. मी म्हटलं, त्यांचं सोडा, तुम्ही मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, "तुला माहेर राहावं म्हणून."

मी म्हटलं, अहो, नऊ वर्षांत मी माहेरी एकदा तरी गेले का? तुम्हाला दारात उभं करत नाहीत म्हणून मी पण नाही गेले. आई यायची तेवढीच. बाबांचं तोंड मी बघितलेलं नाही. कुठलं माहेर राखलंत तुम्ही?

त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं, बाबा. खरंच सुचलं नव्हतं. मी त्यांच्या बाजूने हट्ट करते आणि तो हट्ट एक दिवस सुटेल, मग मी जाईन, तोवर जागा मोकळी ठेवायची, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी पत्र घडी करून ठेवलं. मग खाली बसले आणि रडले. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. दवाखान्यात पण रडले नव्हते. मी जवळ गेले तर मला हात लावू देईनात. मीच लावू दिला नव्हता इतकी वर्षं, आता कुठल्या तोंडाने लावणार?

तुम्ही येऊ का म्हणून विचारलंत. आत्ता येऊ नका. बाजारात उभं राहून सांगायची तर मुळीच गरज नाही, इथे त्यांना कुणी चोर म्हणत नाही. चोर म्हणणारी मी एकटीच होते. आईला माझा निरोप सांगा, बाबांशी बोलायला लाग. एवढ्या वयात गप्प राहून त्रास तिलाच होईल.

मला आधी ह्यांच्याशी बोलायचंय. काल रात्रीपासून आम्ही दोघं सुरुवात करतोय आणि दोघांना पहिला शब्द सापडत नाहीये. सापडला की तुम्हाला कळवते.

चांगुणा